आंधळे फोटो

नौझरच्या कारखान्यातल्या वरच्या फळीवर मेलेल्या माणसांच्या कवळ्या आहेत. तोंडाचं माप दिलं, दात बसवून झाले आणि माणूस न्यायला आलाच नाही. नौझर त्या फेकत नाही. अधूनमधून धूळ पुसतो.

*

झाकण लावून फोटो काढला तर तो काळाकुट्ट यायला हवा. तसा येत नाही. त्यात लाल, निळे, पांढरे ठिपके उमटतात, भाजलेल्या कातडीवर फोड यावेत तसे. कॅमेरा जितका गरम, तितके ठिपके जास्त. बर्झू ह्यांना आंधळे फोटो म्हणतो.

*

लग्नात इफ्फतच्या वडिलांनी जावयाला मनगटी घड्याळ दिलं. जावयाने ते तिथल्या तिथे, मुल्लाच्या देखत, आपल्या जुन्या घड्याळाशी ताडून पाहिलं. घरी पाहुणा आला की इफ्फत ही गोष्ट अजून सांगते.

*

वाळवंटाकाठच्या रफसंजान गावात धुतलेली चादर दोरीपर्यंत नेईस्तोवर तिचे कोपरे वाळलेले असतात.

*

युद्धात, खंदकातल्या पोराला हुकूम होता की अंधार पडला की डोकं वर काढायचं नाही. पोरगं वीस वर्षांचं होतं. त्याच्या डोक्यावर, उत्तरेच्या आकाशात, एक तारा त्या शरदात मंदावत गेला आणि पुन्हा उजळला. पोराने हुकूम पाळला.

*

ते पोरगं म्हणजे नौझर. आता छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, कवळ्या बनवणारा. तो तारा एकटा नाही. त्याला एक अंधारा जोडीदार आहे, आणि छत्तीस वर्षांतून एकदा तो जोडीदार मध्ये येतो. मग तारा काही आठवडे हळूहळू मंद होतो, तळाला जातो आणि तसाच हळूहळू सावरतो. ह्या वर्षीच्या मेहर महिन्यात, पिस्त्यांची तोडणी उरकता उरकता, तो मंदावणार होता. पुढच्या वेळी नौझर ब्याण्णव वर्षांचा असेल. त्याच्या घराण्यात सत्तरीपुढे कोणी गेलेलं नाही.

डोळ्यांनी बघून भागणार नव्हतं. त्याला तारा मोजायचा होता, मंदावण्याची उतरण ठिपक्या-ठिपक्याने काढायची होती. त्यासाठी कॅमेरा हवा, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर रोज तितकाच गार हवा. आज उणे दहा आणि उद्या उणे चार असं झालं, तर तारा मंद झाला की कॅमेरा बिघडला, हे सांगायला कोण येणार? असे गारठवणारे कॅमेरे परदेशात तयार मिळतात. निर्बंधांमुळे ते रफसंजानात येत नाहीत हे इथल्या पानवाल्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणजे पान नव्हे, सिगारेटवाल्या. म्हणून नौझरने आपला चांगला चालता कॅमेरा फोडला आणि त्याचं काळीज काढून एका डबीत घातलं.

डबी मुठीत मावेल एवढी, अॅल्युमिनियमची. आत सेन्सर. सेन्सरच्या पाठीला टेकलेलं तांब्याचं बोट. बोटाच्या दुसऱ्या टोकाला पेल्टिएची पांढरी चकती, बिस्किटाएवढी. हिला वीज दिली की एक बाजू गारठते आणि दुसरी तापते. तापणाऱ्या बाजूवर जुन्या कॉम्प्युटरातली पत्र्याची जाळी आणि पंखा. हे सगळं नौझरने घडवलं. दातांचं काम करणाऱ्याला केसाएवढी फटही सहन होत नाही.

आणि ह्या सगळ्यावर पहारा ठेवणारा बोर्ड बर्झूचा. सेन्सर ठरल्यापेक्षा गार झाला की बोर्ड वीज कमी करायचा, गरम झाला की वाढवायचा. बर्झूचं बाजारात दुरुस्तीचं दुकान. टीव्ही, रेडिओ, छपरावरच्या सौरपाट्यांची यंत्रं, काहीही. वयाने नौझरच्या मुलासारखा, पण जीभ सवतीची. नौझरला तो उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचा आणि सरळ अरे-तुरे करायचा. नौझरच्या तासलेल्या स्क्रूकडे बघून म्हणायचा, उस्ता, हा स्क्रू आहे की सुळा? चावेल ना. नौझर त्याच्या दुकानात गेला की गल्ल्याच्या मागे, एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर बसायचा. गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर तो कधी बसला नव्हता.

इंग्लंडातल्या कुणा हौशी माणसाने अशीच डबी बनवून तिची कृती इंटरनेटवर टाकली होती. तिच्या शेवटी लिहिलं होतं, डबी बंद करण्याआधी आत ओलावा शोषणाऱ्या गोळ्या ठेवा. दोघे पोट धरून हसले होते. बर्झू म्हणाला होता, त्या साहेबाला मुर्दाद महिन्याच्या उन्हात इकडे बोलव उस्ता, गोळ्या कशाला, त्यालाच वाळवून परत पाठवू.

*

डबीत : अधिक एकोणतीस.

हे डबी बंद करतानाचं तापमान. बर्झू सुट्या भागांसाठी केरमानला गेला होता. बाहेर वाळू घेऊन उडणारा वारा. नौझरने कारखान्याचं दार लावलं, खिडकी लावली, फटीत फडकी कोंबली. धुळीचा एक कणही आत जाता कामा नये. छतावरच्या कूलरचं तोंड बाकाच्या बरोब्बर वर होतं. ओल्या भुशाचा वास असलेला गार झोत मानेवर घेत त्याने दातांचा ठसा घ्यायच्या सिलिकॉनने डबीची कड भरली, स्क्रू आवळले आणि तिचा मुका घेतला. हे खरं आहे. त्या वेळी खोलीत कोणी नव्हतं.

*

डबीत : उणे दहा.

बर्झू परत आला. बोर्ड जोडला. आंधळे फोटो काढले. ते इतके काळे आले की बर्झूने पडदा बाहीने पुसून पुन्हा बघितलं.

आठवडाभराने नौझर एकटाच बसला असताना त्याने डबीला दुर्बिणीचं भिंग लावलं, दिव्यावर पांढरा कपडा ताणला आणि त्याचा फोटो घेतला. सगळं पांढरं यायला हवं होतं. मधोमध एक पीस आलं. बारीक शिरा असलेलं, कडेला कुरतडलेलं, राखाडी पीस. पुढच्या फोटोत ते वाढलं होतं.

हा बर्फ आहे हे कळायला शहाणपण लागत नाही. सेन्सरवर दहिवर गोठलं होतं. पण दहिवराला पाणी लागतं, आणि रफसंजानात हवेत पाणी नसतं. ओठ फुटतात, लाकूड फुटतं, माणसं सुद्धा फुटतात. हीच डबी पूर्वी अंगणात, कड न भरता, शून्यापर्यंत गारठवली होती तेव्हा आत थेंब दिसला नव्हता. उघडी होती तेव्हा कोरडी, आणि बंद केल्यावर ओली?

नौझरच्या मनात पाल चुकचुकली. पाणी आपल्या पायांनी येत नाही. आलं असेल तर कुणीतरी आणलं. डबी कुणीतरी उघडली होती.

कारखान्याच्या किल्ल्या दोन. एक त्याच्याकडे. दुसरी कुणाकडे होती हे सांगायला नको.

*

त्याने इफ्फतला सहज विचारल्यासारखं विचारलं. इफ्फत भेंडी चिरत होती. ती म्हणाली, आला होता ना बर्झू, तुम्ही हाजी गुलशन वारला त्याच्या फातिहाला गेला होता तेव्हा. बराच वेळ होता. दार आतून लावून बसला होता. मी चहा नेला तर अर्धं दार उघडून पेला घेतला. जाताना काहीतरी खिशात घालत होता. म्हणाला, खानम, उस्ताला बोलू नका, आधी मला बघू दे जमतंय का.

"आणि तू बोलली नाहीस," नौझर म्हणाला.

"बोलू नका म्हणाला ना तो. तुम्ही विचारलंत, बोलले."

 दार आतून लावून. खिशात काहीतरी. बोलू नका.

*

ज्या गोष्टींना काल अर्थ नव्हता, त्यांना आज आला, त्या अशा:

बर्झू हल्ली शहाब नावाच्या तेहरानी माणसाच्या पांढऱ्या गाडीतून फिरतो. शहाबने वाळवंटाच्या तोंडाशी प्रवाशांसाठी उतारा बांधलाय. तिथे तारे दाखवायला घुमटही बांधलाय. घुमटात दुर्बीण आहे. कॅमेरा नाही.

मागच्या महिन्यात बर्झूने विचारलं होतं, उस्ता, हाच सेन्सर अजून कुठे मिळेल का रे?

बर्झू केरमानला गेला होता तो सुट्या भागांसाठी. भाग कुठे दिसले?

बर्झूने परवा चहात साखर घेतली नाही. (ह्याला अर्थ नव्हता. पण नौझरने तेही मोजलं.)

*

नौझरने सापळा लावला. कवळीचा नमुना करायचं गुलाबी मेण त्याने काडीवर घेतलं आणि डबीच्या चारही स्क्रूंच्या खाचांत भरलं. कुणी पेचकस लावला तर मेण मोडणारच. मग त्याने बर्झूला फोन करून सांगितलं की मला बागेत तोडणीची बोलणी करायला जायचंय, तू येऊन बोर्ड बघून जा, तापमान हलतंय असं वाटतं.

बर्झू आला, गेला. नौझर परतला तो थेट डबीकडे. चारपैकी दोन स्क्रूंतलं मेण जागेवर नव्हतं. ओघळून जाळीवर आलं होतं.

झालं. नौझरला आनंद झाला, आणि आपल्याला आनंद झाला ह्याचं वाईट वाटलं. पण आधी आनंद झाला.

आता एकच पाहायचं राहिलं. प्रत्येक सेन्सरच्या आंधळ्या फोटोतले ठिपके त्याचेच असतात, अंगठ्याच्या ठशासारखे. दुसरा सेन्सर आणा, ठिपके दुसरीकडे. नौझरने कॅमेरा फोडण्यापूर्वीचे आंधळे फोटो शोधून काढले, डबी न गारठवता नवे घेतले, आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून ताडायला बसला. जुन्यात खाली डावीकडे तीन लाल ठिपके त्रिकोणात. नव्यातही. जुन्यात वर मधोमध एक पांढरा आणि त्याला चिकटून फिका निळा. नव्यातही. कडेची आडवी रेघ, तीही तिथेच.

सेन्सर तोच होता.

ह्यावर माणसाने सुस्कारा सोडायचा असतो. नौझरने कपाळाला हात लावला. चोरी नव्हती, तर मग डबी उघडली कशासाठी? चोराचं निदान समजतं. जो काही न चोरता दोनदोनदा डबी उघडतो, त्याच्या पोटात काय आहे? सेन्सर बिघडवायचा असेल. म्हणजे मेहरमध्ये नौझरकडे काहीच नसेल आणि तारा शहाबच्या घुमटातून मोजला जाईल, आणि मोजणाऱ्याचं नाव बर्झू असेल. छत्तीस वर्षं वाट पाहिली ती ह्यासाठी? खंदकात निदान शत्रू समोर होता.

*

डबीत : उणे दहा. कलिंगड : गार.

बर्झू दुपारनंतर आला तेव्हा इफ्फतने कारखान्यातच कलिंगड आणि चहा आणून ठेवला. नौझरने चार वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही बोलला नाही. तोंडावर आरोप करणं इथे अडाणीपणाचं समजतात. शिवी दिलेली चालते, हिशेब विचारलेला चालत नाही. त्याने बर्झूच्या आईची तब्येत विचारली. पिस्त्याला यंदा दाणा कसा भरलाय ते सांगितलं. कलिंगडाची मधली, बियांविना फोड बर्झूच्या ताटात सरकवली. बर्झू म्हणाला, काय रे उस्ता, आज एवढी सेवा? कुणाचे दात पाडायचेत?

मग नौझर म्हणाला, "माझी कारखान्याची किल्ली कुठे पडली कोण जाणे. तुझी दे. दुसरी करून घेईन, मग बघू."

बर्झू फोड खात होता. त्याने ती पूर्ण खाल्ली. बिया ताटाच्या कडेला काढल्या. मग नौझरच्या खांद्यावरून मागे बघितलं.

"उस्ता, तुझी किल्ली तुझ्या मागं खिळ्याला आहे."

नौझरने मागे वळून बघितलं नाही. ती तिथे आहे हे त्याला माहीत होतं. पंचवीस वर्षं ती तिथेच असते. खोटं बोलायचं ठरवलं तेव्हा तेवढा एक खिळा विसरला होता.

इफ्फतने चहाचा पेला खाली ठेवला.

बर्झूने खिशातून जुडगा काढला. किल्ली कडीतून सुटेना. त्याने नखाने कडी फाकवली, वेळ लागला, आणि सगळे त्या किल्लीकडे बघत राहिले. मग त्याने ती कलिंगडाच्या ताटाशेजारी ठेवली.

"घे. आता दोन झाल्या." उठताना त्याने इफ्फतला म्हटलं, "खानम, हात दुखू नयेत तुमचे. कलिंगड गोड होतं."

दार लागल्यावर इफ्फत एकच बोलली, तेही भांडी उचलता उचलता. ती म्हणाली, माझ्या बापाचं घड्याळ बरोबर होतं, आठवतंय? मागे होतं ते तुमचं.

*

डबीत : वीज गेली.

ती दुपारी रोजच जाते. आज परतली तेव्हा बोर्ड जागा झाला, पण पहाऱ्यावर गेला नाही. त्याला उणे दहाचा हुकूम बर्झूच्या लॅपटॉपवरून द्यावा लागायचा. बर्झू नव्हता, लॅपटॉप नव्हता. पडद्यावर आकडा चढत राहिला. उणे चार, अधिक दोन, अधिक अकरा.

नौझरने बोर्ड बाजूला केला आणि चकतीला सरळ वीज दिली. चकती बिचारी हुकमाची ताबेदार, वीज असेल तितकी गारठत गेली. पण खोली तापली की डबी तापायची, खोली निवली की डबी निवायची. सकाळी उणे तेरा, दुपारी उणे तीन. आणि पीस तर होतंच. मधोमध, शिरांसकट.

मेहर तोंडावर आला होता. बागांतून तोडणीच्या माणसांच्या हाका येत होत्या.

*

पिस्त्यांविषयी.

रफसंजानात जन्मलेल्याला पिस्त्याविषयी काही सांगावं लागत नाही. त्याला फोडल्याचा आवाज ऐकूनही वर्ष सांगता येतं. कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी इफ्फतने गेल्या सालच्या खारवलेल्या पिस्त्यांचा वाडगा भरून ठेवला होता. (दात नसलेल्या गिऱ्हाइकांपुढे पिस्ते ठेवणं हा बर्झूच्या मते ह्या घराचा सर्वांत मोठा विनोद होता.) कुणी खात नाही म्हणून वाडगा बाकाच्या टोकाशी तसाच पडून होता.

नौझर डबीकडे बघत बसला होता. हात वाडग्यात गेला. त्याने एक पिस्ता दाताखाली धरला. कट् झालं नाही. पिस्ता चामड्यासारखा दबला. दुसरा घेतला. तोही तसाच.

त्याने इफ्फतला हाक मारली आणि विचारलं, पिस्ते असे कसे झाले, कुणाकडचे आणलेस? बागवाल्याने फसवलं की काय तुला?

इफ्फत दारात उभी राहिली. एकदा वाडग्याकडे बघितलं, एकदा वर.

"कूलरच्या तोंडाखाली वाडगा ठेवल्यावर पिस्ता मऊ पडणार नाही तर काय होणार?" ती म्हणाली. "लहान पोराला कळतं. कूलरच्या खोलीत पिस्ते ठेवू नयेत, मिठाची बरणी उघडी ठेवू नये. सगळीच माणसं फसवतात होय तुम्हाला?"

ती वाडगा घेऊन गेली. उन्हात टाकायला.

नौझर वर बघत राहिला. छतावर पेटी. पेटीत भुसा. भुशावरून दिवसभर पाणी ओघळतं, आणि त्या पाण्यातून आलेला वारा ह्या खोलीत, ह्या बाकावर, ह्या एका जागी पडतो. बाहेर वाळवंट होतं, दाराच्या फटीत फडकी होती, आणि आत तो समुद्रकिनाऱ्यावर बसल्यासारखा बसून डबीला सील करत होता. इंग्लंडातल्या माणसाने आपल्या देशात जी हवा डबीत कोंडली असती, तीच नौझरने आपल्या हाताने कोंडली होती. वर मुका घेतला होता.

पाणी कुणी आणलं, तर ह्याने.

*

मग त्याने कूलर बंद केला. खोली तापू दिली. ठशाच्या सामानाबरोबर खोक्यांत येणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या खणात साठल्या होत्या. त्या इफ्फतच्या भट्टीत भाजून घेतल्या. डोक्याला टॉवेल बांधला, घामाचा थेंब पडू नये म्हणून. मग डबी उघडायला घेतली.

आधी पंखा काढावा लागला. तेव्हा त्याला दिसलं की हा पंखा त्याचा नव्हे. त्याने बसवलेला पंखा जुना होता, जरा घरघरायचा. हा नवा होता, आणि त्याच्या चारही स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या चकत्या होत्या, एकसारख्या गोल, पंख्याची थरथर डबीत उतरू नये म्हणून. थरथर उतरली की तारा फोटोत हलतो, पसरतो. नौझरला हे माहीत होतं. जुना पंखा थरथरतो हेही माहीत होतं. पण तो त्याने स्वतः निवडला होता, आणि त्याच्या कामात कुणी खोट काढली की तो दोन दिवस बोलत नाही, हे सगळ्या रफसंजानला माहीत होतं. बर्झूलाही.

डबीच्या कडेचं सिलिकॉन जसंच्या तसं होतं. त्याने भरलं तसं, त्याच्या बोटाच्या ठशासकट. ते कुणी कधी तोडलंच नव्हतं. हे त्याला मेण भरतानाच दिसलं असतं. त्याने बघितलं नव्हतं.

आणि मेण? ते ज्यांतून ओघळलं ते दोन्ही स्क्रू तापणाऱ्या बाजूचे होते. जाळीला चिकटलेले. एका हाताला गारवा मिळावा म्हणून चकती दुसऱ्या हाताला चटका देते, हे त्याने इतक्या लोकांना इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं.

त्याने पीस पुसलं, गोळ्या ठेवल्या, डबी बंद केली. पुन्हा गारठवली. पांढऱ्या कपड्याचा फोटो पांढरा आला. तापमान मात्र हिंदकळतच राहिलं.

*

बर्झूच्या दुकानात गर्दी नव्हती. नौझर आत शिरला तो सवयीने गल्ल्याकडे वळला. बर्झू उठला. गल्ल्याबाहेर आला, हात छातीवर ठेवला, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकली.

"या, नौझर आका. आपलं पाऊल माझ्या डोळ्यांवर. इथे बसा."

नौझर बसला. खुर्ची चांगली होती, चारही पाय सारखे. बर्झूने शेजारच्या पोऱ्याला चहा सांगितला, सोनेरी कडेच्या पेल्यातला, सोबत केशरी खडीसाखर. नौझरच्या तब्येतीची चौकशी केली, इफ्फत खानमची केली, बागेची केली. पुन्हा नौझरच्या तब्येतीची केली. ह्या दुकानात नौझरला आजवर कधी पेला मिळाला नव्हता. तो बर्झूच्याच पेल्यातला उरलेला चहा प्यायचा.

शेवटी त्याने सांगितलं की बोर्ड वीज गेल्यावर थांबतो. बर्झूने लॅपटॉप उघडला, काहीतरी बदललं, ते एका पेनड्राइव्हवर घातलं आणि कसं चढवायचं ते समजावून सांगितलं. हळू, स्वच्छ, एकदा सांगून झाल्यावर पुन्हा एकदा. आता वीज गेली तरी बोर्ड परत आल्यावर आपलं आपण उणे दहा धरेल, तो म्हणाला. कुणाची गरज पडणार नाही. पैशांचं नाव काढायचं नाही, आपल्यापुढे ह्याची काय किंमत.

"बर्झू," नौझर म्हणाला, "ओलावा कूलरचा होता. मी कूलरखाली बसून सील केली डबी."

तो थांबला. आता टोमणा येईल, असं त्याला वाटलं. कवळ्यांवरून, सुळ्यांवरून, इंग्लंडातल्या साहेबावरून, कशावरूनही. तो खुर्चीत थोडा पुढे सुद्धा सरकला.

"हो का," बर्झू म्हणाला. "बरं झालं सापडलं. आपल्याला त्रास झाला."

"पंखा छान बसवलास."

"काही नाही हो. आपली सेवा."

एक बाई इस्त्री घेऊन आत आली. बर्झूने नौझरकडे बघून मान लववली, परवानगी मागितल्यासारखी, आणि तिच्याकडे वळला. तिला तो म्हणाला, काय गं आई, पुन्हा जाळलीस? नवऱ्याच्या पाठीवर फिरवतेस का काय? बाई हसली.

नौझरने चहा संपवला. खडीसाखर तशीच ठेवली.

*

डबीत : उणे दहा.

डबीत : उणे दहा.

डबीत : उणे दहा.

मेहरमध्ये तारा मंदावू लागला. आधी इतका थोडा की तो मंदावला असं म्हणायला दोन माणसं लागावीत. नौझर एकटाच म्हणाला. मग उतरण लागली. त्याच्या ठिपक्यांची रेघ खाली झुकत गेली, सरळ, स्वच्छ, आणि तिच्यातला एकही ठिपका कॅमेऱ्याचा नव्हता, सगळे ताऱ्याचेच होते. इफ्फतने ती रेघ पाहिली आणि म्हणाली, सुंदर आहे, कुणाला दाखवलीत? तो म्हणाला, दाखवेन. शहाबच्या घुमटात कॅमेरा कधीच आला नाही. तिथे प्रवासी चंद्र बघतात आणि कबाब खातात. तळ गाठून तारा परत उजळायला लागला तेव्हा बागा रिकाम्या झाल्या होत्या आणि छतावरच्या कूलरवर इफ्फतने हिवाळ्याची ताडपत्री बांधली होती. दुसरी किल्ली पहिलीच्या शेजारी त्याच खिळ्याला होती.

बर्झूचा जन्म तारा मागच्या वेळी मंदावला त्या वर्षीचा. पुढच्या वेळी तो बाहत्तर वर्षांचा असेल.